मोबाईलला कव्हर लावायचं की नाही, आणि लावायचं तर नेमकं कसलं

कव्हरवरून लोकांचे दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, एवढा पातळ चकचकीत फोन घ्यायचा आणि त्याला रबरी बंडी घालून ठेवायची, मग घेतला कशाला. दुसरे फोन बॉक्समधून काढायच्या आधीच कव्हर तयार ठेवतात आणि एकदा चढवलं की फोन विकायच्या दिवशीच काढतात. मला विचाराल तर दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. कव्हर बहुतेकांनी लावावं, पण घेताना जे बघायला पाहिजे ते सोडून रंग आणि डिझाईन बघितलं जातं, आणि लावल्यावर ते अधूनमधून काढायचंही असतं हे कुणाच्या गावीही नसतं. लेख जरा मोठा झालाय, सावकाश वाचा, आणि जमलं तर वाचता वाचता हातातल्या फोनचं कव्हर काढून बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

फोन पडतो तेव्हा काय होतं

हे आधी समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. फोन १ मीटरवरून पडला, म्हणजे साधारण खिशातून काढताना निसटतो तेवढ्या उंचीवरून, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो, म्हणजे ताशी जवळपास १६ किलोमीटर. आता हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं त्यावर सगळा खेळ. उघडा फोन कडक फरशीवर समजा १ मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट होतो. कोपऱ्याला मऊ कव्हर असेल आणि ते दबता दबता ३ मिलिमीटर अंतर मिळालं, तर तोच धक्का एक तृतीयांशावर येतो. कव्हरचं शास्त्र म्हणाल तर एवढंच, बाकी सगळी जाहिरात.

यातून लगेच दोन गोष्टी निघतात. एक, जे कव्हर दबतच नाही, म्हणजे पातळ कडक प्लास्टिकचं टरफल असतं तसलं, ते ओरखडे वाचवेल पण धक्का फारसा खाणार नाही. आणि दुसरी, कव्हरची खरी परीक्षा कोपऱ्यात असते, मागच्या सपाट पाठीवर नसते, कारण फोन कोपऱ्यावर पडला की सगळा भार नखाएवढ्या जागेवर येतो.

काचेचं थोडं वेगळं आहे. आजकालच्या फोनची काच रासायनिक पद्धतीने कडक केलेली असते, साधारण ४०० अंश सेल्सिअस तापलेल्या पोटॅशियमच्या क्षाराच्या द्रावात ती बुडवतात, मग काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडून त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात आणि वरचा थर आतल्या आत दाबला जातो. त्यामुळे काच वाकवली तरी पटकन तडकत नाही. पण कडेला एखादा बारीक टवका उडाला की तो दाबाचा थर तिथे कमजोर होतो, आणि मग नंतर कधीतरी फोन जरासा आपटतो आणि काच सरळ फुटते, आपण म्हणतो "एवढ्याशा उंचीवरून पडला तरी फुटला". फुटायची तयारी आधीच झालेली असते. कडेला कव्हर असण्याचा फायदा असा रोजच्या बारीकसारीक आपटण्यात जास्त असतो, मोठ्या पडण्यात तेवढा नसतो.

आणि एक खरं सांगून टाकतो, फोन तोंडावर पडला आणि बरोबर स्क्रीनखाली टोकदार खडा आला तर कुठलंही कव्हर काही करू शकत नाही. कव्हरची उचललेली कड सपाट जमिनीवरच कामाची. तिथे स्क्रीन गार्ड असेल तर थोडी आशा.

"पण आता काचच एवढी मजबूत येते ना" असं म्हणणारे भेटतात. बरोबर आहे, येते. फोनसाठी काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीने २०२० मध्ये गोरिला ग्लास व्हिक्टस आणली तेव्हा २ मीटरवरून पडूनही टिकते असं सांगितलं होतं, आणि २०२२ मधल्या व्हिक्टस २ च्या वेळी काँक्रीटसारख्या खरबरीत पृष्ठभागावर १ मीटर असा दावा केला. आकडा कमी झालेला दिसतो तो काच कच्ची झाली म्हणून नाही, चाचणीची जमीन बदलली म्हणून. जमीन जितकी खरबरीत तितकी काचेला वाईट. फूटपाथवर पडलेला फोन आणि घरातल्या लाद्यांवर पडलेला फोन यांची तुलना करू नका.

तुम्हाला कव्हर लागतं का, हे आधी ठरवा

एक सोपी तपासणी सांगतो, बेड किंवा सोफ्यावर बसून करा. कव्हर काढलेला फोन नेहमीच्या हातात धरा आणि त्याच हाताचा अंगठा स्क्रीनच्या समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत न्या, म्हणजे उजव्या हातात फोन असेल तर वरच्या डाव्या कोपऱ्याला. आता बोटांकडे लक्ष द्या. अंगठा वर जाताना तळहात फोनपासून सुटतो, फोन चार बोटांच्या टोकांवर येतो आणि करंगळी खालून टेकू देते. फोन हातातून निसटतो तो नेमका या क्षणी, नोटिफिकेशन खाली ओढताना. या क्षणी फोन डगमगत असेल, पाठ काचेची गुळगुळीत असेल, तर तुम्हाला कव्हर हवंच, आणि ते धक्का खाण्यासाठी हवं त्याच्या आधी पकडीसाठी हवं. माझं मत असं की चांगल्या कव्हरचं नव्वद टक्के काम फोन पडू न देणं हेच आहे, पडल्यावर वाचवणं नंतरचं. हे लोक उलटं धरतात, म्हणून मग जाडजूड पण बाजूने साबणासारखं गुळगुळीत कव्हर घेऊन येतात.

मग फोनची पाठ कशाची आहे ते बघा. काचेची पाठ दिसायला भारी, पण फुटली की ती बदलणं बऱ्याच मॉडेलमध्ये कटकटीचं काम, काहींमध्ये तर जवळजवळ स्क्रीन बदलण्याइतकंच. प्लास्टिकची पाठ ओरखडे घेते पण तडकत नाही, ती थोडी वाकते, सोडून देते. त्यामुळे प्लास्टिक पाठीचा फोन असेल आणि तो घर-ऑफिस-टेबल एवढ्यातच फिरत असेल तर कव्हर नसलं तरी चालतंय. जुना फोन जो सहा-आठ महिन्यांत बदलायचाच आहे त्याचंही तेच. पण पुढे फोन विकायचा किंवा एक्स्चेंजला द्यायचा विचार असेल तर कव्हर लावा, कारण तिथे पाठीचे ओरखडे आणि कोपऱ्याचे पोचे बघूनच किंमत पाडतात.

लहान मुलं फोन हाताळतात, काम उभ्याने किंवा शिडीवर असतं, दिवसातून शंभरदा खिशातून काढ-घाल होते, बाईकवर होल्डरमध्ये लावता, अशांनी विचारच करू नका, कव्हर लावा आणि जरा जाडच लावा. घडीच्या फोनवाल्यांना तर पर्यायच नाही, पण तिथे दोन तुकड्यांचं कव्हर लागतं आणि बिजागरी झाकणारं कव्हर घेतलं तर उघड-बंद करताना ते कुठे घासत तर नाही ना हे आधी बघावं लागतं.

कशाचं कव्हर घ्यायचं

दुकानात शंभर प्रकार दिसले तरी मटेरियल मोजकीच आहेत.

सगळ्यात जास्त चालतं ते टीपीयू, जे लवचिक, जरा रबरासारखं पण रबरापेक्षा घट्ट असतं, आणि पारदर्शक कव्हर बहुधा याचंच असतं. धक्का खातं, पकड बरी देतं, काढ-घाल सोपी, हलकं. बहुतेक लोकांनी हेच घ्यावं. याचा एकच मोठा वैताग, पारदर्शक असेल तर पिवळं पडतं. लोकांना वाटतं मळलंय म्हणून पिवळं झालंय, मग टूथपेस्ट लाव, बेकिंग सोडा लाव, लिंबू चोळ असले उद्योग चालतात. तो मळ नसतो. उन्हातले अतिनील किरण, उष्णता आणि हाताचा तेलकटपणा यांनी प्लास्टिकच आतून बदललेलं असतं, ते धुऊन जात नाही. वरचा मळ निघून थोडं उजळेल इतकंच. काही कव्हरवाले निळसर छटा टाकून पिवळेपणा लपवतात, तेही काही महिनेच. पिवळेपणाचा राग येत असेल तर काळं किंवा गडद रंगाचं घ्या, विषय संपला. नाहीतर मागचा भाग पॉलीकार्बोनेट या कडक प्लास्टिकचा आणि फक्त कडा टीपीयूच्या असं मिश्र कव्हर मिळतं, त्याची पाठ बरीच जास्त दिवस स्वच्छ राहते, आणि माझ्या मते पारदर्शक घ्यायचंच असेल तर हेच घ्यावं.

सिलिकॉनचं कव्हर हाताला मस्त लागतं, पकड जबरदस्त, पण खिशातला सगळा कचरा, धागे, केस त्याला चिकटतात आणि घट्ट जीन्समधून काढताना खिसाच उलटा बाहेर येतो. कोपऱ्याला त्याचा वरचा मुलायम थरही झिजतो. ज्यांचा फोन बॅगेत असतो त्यांना चांगलं.

नुसत्या पॉलीकार्बोनेटच्या पातळ कव्हरबद्दल वर बोललोच. अरामिड फायबरचं, म्हणजे मजबूत कृत्रिम धाग्यांचं कव्हर खूप पातळ आणि मजबूत असतं, फोनचा आकार तसाच राहतो, पण ते ओरखड्यांपासून वाचवायला, पडण्यापासून नाही. लेदर दिसायला छान, जुनं होईल तसं डाग धरतं, ज्यांना आवडतं त्यांना ते डागच आवडतात. धातूच्या कव्हरच्या नादाला लागू नका, का ते पुढे सांगतो.

फ्लिप कव्हरवर थोडं जास्त बोलायला हवं कारण वयस्कर माणसांना ते आवडतं आणि त्यांच्यासाठी खरंच चांगलं आहे, स्क्रीन झाकलेली राहते, कार्ड ठेवता येतं, धरायला भरपूर जागा. अडचण अशी की फोन घेताना प्रत्येक वेळी ते उघडावं लागतं, बोलताना झाकण मागे दुमडलं की फोन धरायला जाड होतो, आणि झाकण बंद ठेवायला जे चुंबक असतं त्याचे स्वतःचे प्रश्न आहेत.

कव्हर हातात घेऊन काय तपासायचं

सगळ्यात आधी मॉडेल. एकाच सीरिजमध्ये साधा, प्लस, प्रो, अल्ट्रा असे भाऊ असतात, लांबी-रुंदी जवळजवळ सारखी, पण कॅमेऱ्याचं भोक किंवा बटणांची जागा २-३ मिलिमीटरने वेगळी. "हे पण बसतं याला" असं कुणी म्हणालं तर कव्हर चढवून कॅमेऱ्याच्या भोकाची कड लेन्सच्या किती जवळ येते ते बघा, आणि सगळ्यात रुंद लेन्सवर एक फोटो काढा, कोपऱ्यात काळी सावली आली तर परत द्या.

मग उचललेली कड. कव्हर लावून फोन टेबलावर पालथा ठेवा आणि खालून कागद सरकवा. साधा छपाईचा कागद ०.१ मिलिमीटर असतो. एक कागद सहज जातो का, मग दोन, मग पाच. स्क्रीन गार्ड साधारण ०.३३ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे तीन-चार कागदांएवढी उंची तर तोच खातो. त्यामुळे स्क्रीन गार्ड लावलेल्या फोनवर कव्हर चढवून मगच ही तपासणी करा, आणि तरीही चार-पाच कागद सरकत असतील तर कड चांगली आहे असं समजा. कागद अडला तर त्या कव्हरची कड फक्त दिसायला आहे. हीच गोष्ट मागे कॅमेऱ्याभोवती, फोन उताणा ठेवून बघा, काच टेबलाला टेकता कामा नये, आणि फोन एका बाजूला डुगडुगतो का तेही लगे हात कळतं.

कोपरे दाबून बघा. अंगठ्याने दाबल्यावर थोडे आत गेले पाहिजेत आणि सोडल्यावर परत आले पाहिजेत. चांगल्या कव्हरच्या कोपऱ्यात आतून छोटा पोकळ कप्पा असतो, तो हवेचा कप्पा दबायला जागा देतो, वर तीन मिलिमीटरचा हिशोब केला तो इथेच.

बटणं. कव्हरवरची बटणं दाबताना टकटक असा स्पष्ट स्पर्श आला पाहिजे. काही कव्हरची बटणं इतकी ताठ असतात की आवाज कमी करायला फोनच हलतो, आणि काहींची इतकी सैल की खिशात आपोआप दबतात. चार्जिंगच्या भोकात तुमची स्वतःची केबल घालून बघा, फोनसोबत आलेली नाही तर जी तुम्ही रोज वापरता ती, कारण बाहेरच्या केबलचं डोकं जाड असतं आणि अर्धवट बसलेली केबल चार्जिंग तोडत राहते. हे घरी आल्यावर लक्षात येतं म्हणून लिहिलं.

बाजूंना हात फिरवा, रेघा किंवा खरबरीतपणा हवा. पाठ गुळगुळीत असली तरी चालेल, बाजू नको.

"मिलिटरी ग्रेड" हे कव्हरवर छापलेलं दिसलं की लोक निश्चिंत होतात. एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं उपकरणांच्या चाचणीपद्धतीचं कागदपत्र आहे, त्यात इतर बऱ्याच चाचण्यांसोबत पडण्याची चाचणी आहे. त्यात १२२ सेंटीमीटर उंचीवरून २६ वेळा, म्हणजे सगळ्या बाजू, कडा आणि कोपऱ्यांवर पाडायचं, आणि जमीन म्हणजे काँक्रीटवर ठेवलेला सुमारे ५ सेंटीमीटरचा प्लायवूड. शिवाय हे २६ वेळा पाडणं पाच नगांपर्यंत वाटून करता येतं. चाचणी वाईट नाही, पण ती लाकडावरची आहे, फूटपाथवरची नाही, आणि असं प्रमाणपत्र देणारी कुठली सरकारी संस्था नाही, कंपनी स्वतः किंवा बाहेरच्या लॅबकडून करून घेते आणि छापते. त्यामुळे तो शिक्का बघून जास्त पैसे मोजू नका, कोपरे दाबून बघा. तसंच स्क्रीन गार्डवरचं ९एच, ते पेन्सिलच्या कडकपणाच्या मापावरचं ९ आहे, खनिजांच्या मोह्स मापावरचं नाही, म्हणजे वाळूने त्यावर ओरखडा पडणारच.

कव्हरमुळे होणारे त्रास आणि त्यावर उपाय

उष्णता पहिली. फोनला पंखा नसतो, आतली उष्णता पाठीतून आणि स्क्रीनमधून बाहेर जाते, आणि पाठीवर प्लास्टिकचा थर चढवला की ती अडते. साध्या वापरात, म्हणजे कॉल, मेसेज, व्हिडिओ, काही फरक पडत नाही, उगाच घाबरू नका. पण फास्ट चार्जिंग चालू असताना गेम खेळणं, उन्हात गाडीच्या काचेशी होल्डरमध्ये नकाशा लावून चार्जिंग, बराच वेळ हाय क्वालिटी व्हिडिओ शूट करणं, हे तीन प्रसंग असे की कव्हर काढलेलं बरं. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने कायमची कमी होते, ती नंतर परत येत नाही. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरा आणि कव्हरमध्ये चार्ज करताना गरम होत असेल तर आधी कव्हर काढा. ही गोष्ट कुठल्याही कंपनीच्या फोनला लागू आहे. रात्रभर उशीखाली कव्हरसकट चार्जिंगला फोन, हे तर अजिबात नको.

वायरलेस चार्जिंग करत असाल तर साधारण ३ मिलिमीटरपर्यंतचं धातू नसलेलं कव्हर चालतं. अडतं ते मागे लावलेल्या, बोट अडकवायच्या अंगठीमुळे, गाडीच्या चुंबकी होल्डरसाठी चिकटवलेल्या लोखंडी पट्टीमुळे, किंवा कव्हरमध्ये खुपसलेल्या कार्डामुळे. पट्टी गरम होते, चार्जिंग बंद पडतं, आणि कार्ड मधे राहिलं तर त्याची चुंबकीय पट्टी किंवा चिप खराब होऊ शकते. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, आयफोनच्या पाठीत चुंबकाचं कडं आलं, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ची२ (Qi2) या वायरलेस चार्जिंगच्या मानकातही तशीच चुंबकी पद्धत घेतली आहे. असा फोन असेल तर कव्हरमध्येही चुंबकाचं कडं असलेलं घ्या, साध्या कव्हरवरून चार्जर धरतो पण ढिला, आणि जरा सरकला की चार्जिंग हळू आणि उष्णता जास्त.

चुंबकाचा दुसरा त्रास म्हणजे होकायंत्र. चुंबकी झाकणाचं फ्लिप कव्हर लावलं की नकाशातला निळा बाण भलतीकडे तोंड करतो आणि चालताना आपण उलट्या दिशेला निघतो. कव्हर काढून बघा, बाण सरळ झाला तर कारण कळलं. कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी जी यंत्रणा असते तिच्यातही चुंबक असतात, त्यामुळे लेन्सच्या अगदी जवळ जोरदार चुंबक असलेलं कव्हर टाळा.

सिग्नल. धातू रेडिओलहरी अडवतो, म्हणून धातूचं कव्हर नको म्हटलं. प्लास्टिक, सिलिकॉन, लेदरने काही होत नाही. गंमत म्हणजे याच्या उलटही घडलंय, २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा त्याची अँटेना बाहेरच्या धातूच्या पट्टीत होती आणि ठराविक जागी हात लागला की सिग्नल पडायचा, तेव्हा ॲपलने ग्राहकांना कव्हरच फुकट दिलं. "रेडिएशन रोखणारं" कव्हर किंवा स्टिकर मात्र कुणी विकायला आलं तर हात जोडा. फोनला टॉवर नीट दिसला नाही की तो स्वतःची ताकद वाढवून सिग्नल पाठवतो, म्हणजे अशा कव्हरने खरंच काही अडवलं तर उलटाच परिणाम. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना हेच सांगून सावध केलंय.

रात्री फ्लॅश लावून काढलेला फोटो पांढरट, धुरकट येतो? बहुतेक वेळा कॅमेरा खराब नसतो. पारदर्शक किंवा पांढऱ्या कव्हरच्या भोकाची कड फ्लॅशचा उजेड लेन्सकडे फेकते. अंधाऱ्या खोलीत कव्हरसह एक आणि कव्हर काढून एक असे दोन फोटो काढा, फरक लगेच दिसेल. कॅमेऱ्याभोवती काळी कड असलेलं कव्हर घेतलं की प्रश्न मिटतो.

आणि स्क्रीनही झाकणारं कव्हर घेणार असाल तर जपून. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० वर असं झालं होतं की काही सिलिकॉनची कव्हरं स्क्रीनवर आली की स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सर कव्हरवरचीच नक्षी बोटाचा ठसा समजायचा आणि कुणाच्याही बोटाने फोन उघडायचा. कंपनीने नंतर अपडेट देऊन ते दुरुस्त केलं, पण स्क्रीनवर काहीही नवीन लावलं की जुने ठसे पुसून नव्याने नोंदवायचे ही सवय ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या बोटाने उघडतो का ते एकदा करून बघा.

लावायचं कसं, काढायचं कसं

स्क्रीन गार्ड आधी, कव्हर नंतर. पण गार्ड घेताना कडेला थोडी जागा सोडणारा घ्या, अगदी काठापर्यंत येणारा गार्ड कव्हरच्या कडेला अडतो आणि कोपऱ्यातून उचलला जातो, मग लोक गार्डला शिव्या घालतात.

चढवायच्या आधी फोन पुसा, आणि कव्हर आतूनही पुसा, नवीन असलं तरी. कॅमेऱ्याची बाजू आधी बसवा, मग एक लांब बाजू, मग उरलेले कोपरे दाबून. काढताना बटणांच्या बाजूने सुरुवात करू नका, बटणं अडकतात. बटण नसलेल्या बाजूचा खालचा कोपरा अंगठ्याने ढकलून मोकळा करा, बाकीचं आपोआप सुटतं. कडक कव्हर असेल तर फोन हातात धरून ओढाओढ करू नका, बेडवर बसून काढा, कव्हर काढतानाच फोन निसटून फुटलाय असं होतं आणि तेव्हा त्याच्या अंगावर काहीच नसतं.

महिन्यातून दोनदा काढायचंच

आता ते बाजूला ठेवलेलं कव्हर आणि फोन उजेडात धरा. कॅमेऱ्याच्या उंचवट्याभोवती राखाडी रेघ दिसेल, कोपऱ्यात गोळा झालेली बारीक धूळ, आणि त्या धुळीत चमकणारे कण. ते चमकणारे कण म्हणजे वाळू. किल्ली आणि नाण्यांना लोक घाबरतात, पण मोह्स मापावर फोनची काच साधारण ६ च्या आसपास ओरखडायला लागते, पोलादी किल्ली त्याच्या खाली असते, आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर असतं. म्हणजे किल्लीने सहसा काही होत नाही आणि वाळूच्या एका कणाने होतं. हा कण कव्हर आणि फोनच्या मधे अडकला की रोज खिशात फोन हलतो तसा तो घासत बसतो, रंगीत धातूच्या कडेवर तर लवकर दिसतं. कव्हर आहे म्हणून फोन सुरक्षित असं समजून दोन वर्षं काढलंच नाही तर फोनच्या कडेवर कव्हरच्या आकाराचा पट्टा उमटलेला निघतो.

म्हणून पंधरा दिवसांनी काढा. आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, कापड नंतर, कारण वाळू असताना कापडाने पुसलं तर आपणच ती घासतोय. टीपीयू, सिलिकॉनचं कव्हर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. ब्लीच नको, उकळतं पाणी नको. मग पूर्ण वाळू द्या, आतल्या बाजूने दमट राहिलेलं कव्हर चढवलं तर तो ओलावा स्पीकर आणि पोर्टच्या भोकांपाशीच बसतो. लेदरला फक्त किंचित ओलसर कापड.

कव्हर निघालेलं असतानाच एक गोष्ट बघायची, आणि हा माझ्या मते महिन्यातून दोनदा काढण्याचा सगळ्यात मोठा फायदा. फोन सपाट टेबलावर उताणा ठेवा आणि कोपऱ्यांवर हलकेच बोट टेकवा. कॅमेऱ्यामुळे डुगडुगतो ते वेगळं, पण पाठ मधे फुगल्यासारखी वाटते का, स्क्रीनच्या कडेला कुठे फट पडलीय का, त्या फटीतून उजेड दिसतो का. तसं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. घट्ट कव्हर ही फूग आवळून धरतं, त्यामुळे बरेच दिवस कळतच नाही. असं दिसलं तर चार्जिंग ताबडतोब बंद करा, फोन दाबू नका, वाकवू नका, टोचू नका, कव्हर परत चढवू नका, आणि सर्व्हिस सेंटरला घेऊन जा.

पाठीची काच तडकलेली असेल आणि वर कव्हर चढवून चालवत असाल तर तो फोन आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी रोखणारा असला तरी आता पाण्यापासून सुरक्षित राहिलेला नाही असं धरा. कव्हर तडा झाकतं, बुजवत नाही. हाताला कव्हर लागून खाज किंवा पुरळ येत असेल तर कव्हर बदला. आत चकमक तरंगणारा द्रव भरलेली कव्हरं तर घेऊच नका, २०१७ मध्ये अमेरिकेत आयफोनसाठीची अशी अडीच लाखांहून जास्त कव्हरं परत मागवली होती, कारण फुटून गळलेल्या द्रवाने लोकांची त्वचा भाजली होती.

कव्हर कधी टाकून द्यायचं

फुटलं की टाकायचं हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या बरंच आधी ते निकामी झालेलं असतं. खालचा कोपरा बोटाने ओढला की सहज सुटतो, म्हणजे सैल झालं, असं कव्हर फोन जमिनीवर आपटल्याबरोबर बाजूला उडतं आणि दुसऱ्या उसळीला फोन उघडाच आपटतो. कोपरे दाबल्यावर आता दबत नाहीत, कडक झालेत, तर धक्का खायची ताकद गेली. कागद सरकवायची तपासणी पुन्हा करा, पहिल्या वेळी पाच कागद जायचे आणि आता दोनच जातात तर कड झिजली. चार्जिंगच्या भोकाखालचा तो बारीक पट्टा बहुतेक कव्हरांमध्ये सगळ्यात आधी तुटतो, आणि तो तुटला की दोन्ही खालचे कोपरे एकदम ढिले पडतात, त्यामुळे "तेवढंच तर तुटलंय" म्हणून ते कव्हर पुढे चालवू नका.

जोरात पडून कव्हरला एका कोपऱ्यात चीर गेली असेल तर त्या चिरेवर फेविक्विक वगैरे लावू नका, तो भाग दगडासारखा कडक होतो आणि उरलासुरला गोंद फोनच्या कडेला चिकटतो, तो काढताना रंग निघतो. नवीन घ्या, आणि जुनं फेकायच्या आधी नवीन कव्हरशेजारी ठेवून कोपऱ्यांची जाडी बघून घ्या, आधीच्यापेक्षा पातळ असेल तर दुकानातच परत करा.